डोनर स्पर्मने उपचार: जोडपी खरोखर विचारतात ते प्रश्न

मी वीर्यतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. डोनरच्या, म्हणजे शुक्राणू देणाऱ्या पुरुषाच्या, गोठवलेल्या वीर्याची नळी टाकीतून काढणं, वितळवणं, धुणं, मोजणं आणि सिरिंजमध्ये भरून डॉक्टरांच्या हाती देणं, हा माझा रोजचा धंदा. डॉक्टरांसमोर जे विचारायला जीभ रेटत नाही, ते लोक मला विचारतात, बहुतेक वेळा फॉर्मवर सही करता करता. तेच प्रश्न इथे आहेत, जसे येतात त्याच भाषेत.

रिपोर्ट ‘निल’ आलाय, एकही शुक्राणू नाही. म्हणजे आता डोनरच का?

नाही. एका रिपोर्टवर तर अजिबात नाही.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात आणि बाहेर यायला आणखी काही. दोन महिन्यांपूर्वी सणसणून ताप येऊन गेला असेल, तर त्याचा फटका आजच्या नमुन्यात दिसतो. नमुना देताना पहिला भाग डबीबाहेर सांडला, तरी आकडा खोटा येतो, कारण बरेचसे शुक्राणू त्या पहिल्याच भागात असतात. म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने निदान दोन तपासण्या करायच्या. एकही शुक्राणू दिसला नाही, तर नमुना यंत्रात फिरवून तळाचा गाळ तपासायचा. कधीकधी त्या गाळातच दोन-चार सापडतात, आणि इक्सीला, म्हणजे एकेक शुक्राणू सुईने थेट बीजात सोडण्याला, तेवढे पुरतात.

त्यानंतरचा प्रश्न असा की शुक्राणू बनतच नाहीत, की बनतात पण वाट बंद आहे? वाट बंद असेल, तर वृषणातून सुईने शुक्राणू काढता येतात, डोनरची गरजच नाही. बनतच नसतील, तर एफएसएच (वृषणांना कामाला लावणारं मेंदूकडचं संप्रेरक), टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक, गुणसूत्रांची तपासणी आणि वाय गुणसूत्राचा तुकडा गळालाय का, हे बघतात. वाय गुणसूत्राचा ‘एझेडएफए’ किंवा ‘एझेडएफबी’ हा भाग पूर्ण गळालेला असेल, तर वृषणाची शस्त्रक्रिया करूनही हाती काही लागत नाही, तेव्हा ती करूच नये. उलट क्लाइनफेल्टरमध्ये, म्हणजे एक एक्स गुणसूत्र जादा असलेल्या पुरुषांत, मायक्रो-टेसे या, सूक्ष्मदर्शकाखाली वृषणात शुक्राणू शोधण्याच्या शस्त्रक्रियेने जवळपास निम्म्या जणांत शुक्राणू सापडतात.

आणि एक प्रश्न मी नेहमी हळूच विचारते: जिममध्ये कुणी इंजेक्शनं दिली होती का? बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनने मेंदूला वाटतं की माल भरपूर आहे, आणि तो वृषणांचं काम थांबवतो. इंजेक्शनं बंद केली की बहुतेकांचे शुक्राणू काही महिन्यांत परत येतात. अशा माणसाला डोनरचा फॉर्म देणं म्हणजे अन्यायच.

मग डोनरचा विचार नेमका कधी?

शस्त्रक्रियेतही काही मिळालं नाही तर. कर्करोगाच्या उपचाराने शुक्राणू गेले आणि आधी गोठवून ठेवले नव्हते तर. घराण्यातला गंभीर आनुवंशिक आजार पुढे द्यायचा नसेल तर. इक्सीचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसले आणि दोष शुक्राणूंचाच दिसत असेल तर. एकट्या बाईला मूल हवं असेल, किंवा दोन बायकांच्या जोडप्याला, जिथला कायदा परवानगी देतो तिथे.

एचआयव्हीसाठी पूर्वी डोनर सुचवायचे. आता औषधांनी विषाणू नियंत्रणात असेल, तर त्या पुरुषाचं स्वतःचं मूल होऊ शकतं. कुणी अजून जुनंच सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.

नवरा ‘तू म्हणशील तसं’ एवढंच म्हणतो. ही संमती समजायची का?

कायद्याच्या कागदावर सही झाली की संमती. माझ्या मते नाही.

डोनर स्पर्मने त्याचं वंध्यत्व बरं होत नाही. ते आहे तिथेच राहतं, आपण फक्त त्याला वळसा घालून दुसऱ्या वाटेने मुलापर्यंत जातो. हे बोललं गेलं नाही की पुढे कधीतरी, मूल तीन-चार वर्षांचं झाल्यावर, साध्या भांडणात ते बाहेर येतं. बाईला घाई असते, कारण तिचं वय पळत असतं, आणि ती घाई खोटी नसते. पण पुरुषाच्या हातात रिपोर्ट पडून पंधरा दिवससुद्धा झालेले नसतात. आपल्या रक्ताचं मूल होणार नाही, हे एक जाणंच आहे. त्याचं सुतक पाळायला वेळ लागतो, आणि घरात कुणी त्याला तो देत नाही, कारण मेलं तर कुणीच नाही.

मी दोन-तीन महिने थांबायला सांगते. बाईचं वय अडतीसच्या पुढे असेल तर कमी. समुपदेशकाकडे दोघांनी मिळून एकदा जावं आणि नवऱ्याने एकट्याने एकदा. ती असताना तो बोलत नाही. ‘मला जमेल की नाही, माहीत नाही’ असं जो तोंडाने म्हणतो, त्याचं मला भय वाटत नाही. गप्प राहून पेन मागणाऱ्याचं वाटतं.

भाऊ द्यायला तयार आहे. शुक्राणू बँकेतला परका कशाला?

वरून ही गोष्ट सोपी वाटते: रक्त घरातलं, चेहरा घरातला. पण मग काका कोण आणि बाप कोण, हे प्रत्येक समारंभात, प्रत्येक फोटोत मनात येत राहतं. मुलाच्या शाळेवरून भावाने काही सुचवलं, की नवऱ्याच्या कपाळावर आठी. काही कुटुंबांना हे छान जमतं, पण ती मुळातच मोकळं बोलणारी असतात.

कायदाही बघा. काही देशांत ओळखीचा दाता चालतो, मात्र त्यालाही परक्यासारख्याच सगळ्या तपासण्या आणि वाट पाहणं लागू. भारतात २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्याने शुक्राणू नोंदणीकृत बँकेतूनच घ्यायचे असतात, त्यामुळे भावाचा प्रश्नच येत नाही.

इंटरनेटवर भेटलेल्या माणसाकडून नमुना घेऊन घरीच प्रयत्न करण्याचं मात्र मनातही आणू नका. त्याची एकही तपासणी झालेली नसते. शिवाय कित्येक देशांत दवाखान्याबाहेर असं मूल झालं, तर तो माणूस कायद्याने बाप ठरू शकतो, हक्कांसकट आणि जबाबदारीसकट.

डोनर होतो तरी कोण? कुणीही?

येणाऱ्यांपैकी बहुतेकांना परत पाठवतात. लोकांना वाटतं आजारामुळे, पण मोठं कारण वेगळंच: त्यांचे शुक्राणू गोठणं सोसत नाहीत. ताज्या नमुन्यात छान पळणारे वितळल्यावर आडवे पडलेले असतात. साधारण निम्मे तरी मरतातच, म्हणून सुरुवातीलाच भरपूर असणारा माणूस लागतो.

त्यापुढे एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, क्लॅमिडिया, गनोरिया. मग गुणसूत्रं, आणि थॅलसेमिया, सिकलसेल, सिस्टिक फायब्रोसिस अशा आजारांचा तो वाहक आहे का, हे. घराण्याचा इतिहास तोंडी विचारतात आणि तो त्याच्या शब्दावर चालतो, हे लक्षात असू द्या. नंतर नळ्या सहा महिने वेगळ्या ठेवायच्या, दात्याला पुन्हा बोलवायचं, रक्त पुन्हा तपासायचं, मगच वापर. कारण संसर्ग ताजा असेल, तर पहिल्या चाचणीत सापडत नाही. थेट जंतूचंच जनुकद्रव्य शोधणाऱ्या नव्या न्यूक्लिइक आम्ल चाचण्यांमुळे काही ठिकाणी हा काळ कमी झालाय.

तरीही ‘शंभर टक्के निरोगी’ असं कुणी म्हणत असेल, तर तो विकतोय. कुठल्याही गर्भधारणेत बाळात जन्मजात दोष असण्याची शक्यता साधारण तीन टक्के असतेच, आणि डोनरने ती पुसली जात नाही. २०२५ मध्ये युरोपात उघडकीला आलं, की एका दात्याच्या काही शुक्राणूंत टीपी५३ या जनुकाचा दोष होता, ज्याने कर्करोगाचा धोका खूप वाढतो. तो स्वतः ठणठणीत होता, नेहमीच्या तपासण्यांत काही दिसलं नव्हतं, आणि अनेक देशांत मिळून त्याची शंभराहून जास्त मुलं जन्मली होती. म्हणून बँकेला एक प्रश्न जरूर विचारा: नंतर काही कळलं, तर तुम्ही आम्हाला कळवता का, आणि कसं?

रंग, उंची, रक्तगट जुळवतात का?

हो. त्वचेचा आणि डोळ्यांचा रंग, केस, उंची, बांधा, रक्तगट. रक्तगटाबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात, आणि खरं सांगायचं, तर वैद्यकीयदृष्ट्या तो फारसा महत्त्वाचा नाही. आई आरएच निगेटिव्ह असेल तर डोनरचा आरएच बघतात, तेवढंच. बाकी सगळं लपवाछपवीसाठी असतं. आईवडील दोघेही ओ गटाचे आणि डोनर ए गटाचा, तर मूल ए होऊ शकतं. दोन ओ गटाच्या माणसांना ए गटाचं मूल होत नाही, हे जीवशास्त्राच्या पुस्तकात असतं, आणि एक दिवस ते मूल ते पुस्तक उघडतं. ‘म्हणून ओच द्या,’ असं मला सांगतात. देते मी. पण ज्या गुपिताला रक्तगटाचा टेकू लागतो, ते किती वर्षं उभं राहणार, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

सीएमव्ही हा गर्भाला अपाय करू शकणारा एक विषाणू. आईच्या रक्तात त्याच्या प्रतिपिंडांचा पत्ता नसेल, तर डोनरही सीएमव्ही-निगेटिव्ह घेणं चांगलं. हे कुणी विचारत नाही, पण रक्तगटापेक्षा याला जास्त अर्थ आहे.

इंजिनिअर डोनर मिळेल का?

यादीत शिक्षण असतं. इंजिनिअरिंग शुक्राणूतून उतरत नाही.

नळीतलं इतकं जुनं वीर्य खराब होत नाही का?

द्रव नायट्रोजनचं तापमान उणे १९६ अंश सेल्सियस. तिथे पेशीतली रसायनं जवळजवळ थांबतातच. वीस वर्षांहून जास्त काळ ठेवलेल्या वीर्यापासून निरोगी बाळं झाली आहेत. धोका असतो तो गोठवताना आणि वितळवताना, मधल्या वर्षांत नाही. गोठताना पेशीतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशी फाटते. त्यावर ग्लिसरॉलचा उपाय १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये सापडला, तोही कोंबड्याच्या वीर्यावर काम करताना. गोठवलेल्या मानवी वीर्यापासून गर्भधारणा झाल्याचं १९५३ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात बंज आणि शर्मन यांनी पहिल्यांदा नोंदवलं.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. टाकीचं झाकण उचललं की पांढरा धूर काठावरून खाली ओघळतो. लांब चिमट्याने नळी वर काढायची. ती बॉलपेनच्या रिफिलएवढी असते. तिच्यावरचा कोड मी मोठ्याने वाचते, दुसरी सहकारी फॉर्मवरचा वाचते, दोघी सही करतो. नळी ३७ अंशांच्या पाण्यात. काही मिनिटांत तिच्यातला पांढरट गोळा पातळ होतो. कात्रीने टोक कापून एक थेंब काचेवर. सूक्ष्मदर्शकाखाली आधी काहीच हलत नाही, मग कोपऱ्यात एखादा शेपूट झटकतो, मग दुसरा, आणि मिनिटभरात सगळी काच वळवळायला लागते. कुणाला बघायचं असेल तर मी पडद्यावर दाखवते. एका नवऱ्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, ‘अगदी साधेच दिसतात हो.’

आययूआय करायचं की आयव्हीएफ?

आययूआय म्हणजे धुतलेले शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं, आणि आयव्हीएफ म्हणजे बीज बाहेर काढून प्रयोगशाळेत फलन करणं. बाईच्या गर्भनलिका मोकळ्या असतील, बीज तयार होत असेल आणि वय पस्तिशीच्या आत असेल, तर आययूआयने सुरुवात करावी. डोनर वापरायचा म्हणजे थेट आयव्हीएफच, असं कुणी म्हणालं, तर कारण विचारा. पस्तिशीच्या आत दर चक्राला दहा ते वीस टक्के यश धरून चाला. चाळिशीनंतर ते एक आकडी होतं, कारण इथे शुक्राणू उत्तम असले, तरी घड्याळ बीजाचं असतं. तीन ते सहा चक्रांत जमलं नाही, तर बसून पुन्हा विचार करायचा. गर्भनलिका बंद, बीजांचा साठा कमी किंवा एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक बाहेर वाढणं) जास्त असेल, तर आययूआयमध्ये महिने घालवू नयेत.

वेळ मात्र काटेकोर लागते. गोठवून वितळवलेले शुक्राणू ताज्यांइतके टिकत नाहीत. ताजे दोन-तीन दिवस वाट बघू शकतात, हे साधारण दिवसभर. बीजही सुटल्यावर बारा ते चोवीस तासच. म्हणून सोनोग्राफीवर लक्ष ठेवून बीज फुटायचं इंजेक्शन देतात आणि साधारण ३६ तासांच्या सुमाराला आययूआय. ‘उद्या सकाळी आलं तर चालेल का’ असा फोन येतो, तेव्हा उत्तर नाही असंच असतं.

दुखतं का?

पाळीच्या वेळच्या कळेइतकं, तेही सगळ्यांना नाही. दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं आणि घरी जायचं. आठवडाभर अंथरुणात पडून काही वाढत नाही.

नवऱ्याचेही थोडे मिसळता येतील का? मनाला बरं वाटेल.

पूर्वी असं करायचे, मूल कुणाचं याबद्दल शंका शिल्लक राहावी म्हणून. आता करत नाहीत. त्याने यश वाढत नाही, आणि शंका ठेवून बरं वाटत नाही, फक्त निर्णय पुढे ढकलला जातो. नवऱ्याने त्या दिवशी खोलीत हजर राहावं, हात धरावा. हे मिसळण्यापेक्षा बरं.

पुढचं गरोदरपण वेगळं असतं का?

जवळजवळ नाही. एक गोष्ट आहे: डोनर स्पर्मच्या गर्भधारणेत रक्तदाब वाढण्याचा विकार, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, थोडा जास्त आढळतो. आईच्या शरीराची त्या वीर्याशी आधी ओळख झालेली नसते, हे त्यामागचं एक स्पष्टीकरण आहे. म्हणून बाळंतपणाच्या डॉक्टरांपासून तरी लपवू नका. रक्तदाब जरा बारकाईने बघतील, एवढंच.

कायद्याने मूल कुणाचं? डोनर उद्या दारात उभा राहिला तर?

मान्यताप्राप्त दवाखान्यात, दोघांच्या लेखी संमतीने झालेलं मूल बहुतेक देशांत त्या जोडप्याचंच. भारताचा २०२१ चा कायदा असं मूल जोडप्याचं जैविक मूलच मानतो, आणि दात्याला त्याच्यावर कुठलाही हक्क राहत नाही. दाता २१ ते ५५ वर्षांचा असावा लागतो, आणि बँक एका दात्याचे शुक्राणू एकाच जोडप्याला देऊ शकते.

डोनर येऊन दार वाजवेल, ही भीती सगळ्यांना असते. उलट दिशेने मात्र खरंच घडतं: मूल मोठं होऊन शोधायला निघतं. स्वीडनने १९८५ मध्येच मुलांना दात्याची ओळख कळण्याचा हक्क दिला. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५ नंतर दान केलेल्यांची ओळख त्या मुलांना अठराव्या वर्षी मागता येते, आणि तिथली पहिली मुलं २०२३ मध्ये त्या वयाला पोहोचली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने तर २०१७ पासून जुन्या, गुप्ततेचं वचन दिलेल्या दात्यांचीही ओळख खुली केली. म्हणजे आज दिलेलं गुप्ततेचं वचन वीस वर्षांनी कायद्याने टिकेलच, असं नाही.

एका डोनरची किती मुलं असतात?

देशागणिक वेगळं. ब्रिटनमध्ये एका दात्यामागे दहा कुटुंबं, डेन्मार्कमध्ये बारा. पण ही मर्यादा देशाच्या सीमेपर्यंत असते आणि नळ्या विमानाने जातात. २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या न्यायालयाने ५५० हून जास्त मुलांचा जनक ठरलेल्या एका माणसाला दान करायला बंदी घातली. बँकेला विचारा: तुमची मर्यादा देशापुरती की जगभराची?

मुलाला सांगायचं का?

सांगायचं. इथे मी तटस्थ राहत नाही.

या उपचाराची सुरुवातच लपवण्यापासून झाली. १८८४ मध्ये फिलाडेल्फियात एका डॉक्टरने एका बाईला भूल देऊन, एका विद्यार्थ्याचं वीर्य वापरून गर्भधारणा घडवली. नवऱ्याला नंतर सांगितलं. तिला कधीच नाही. ही हकीकत छापून आली ती १९०९ मध्ये. त्यानंतर कित्येक दशकं डॉक्टर जोडप्यांना हेच सांगत आले: घरी जा, विसरून जा.

आता विसरता येत नाही. घरबसल्या थुंकीची डीएनए चाचणी करता येते, आणि डोनरने स्वतः ती केलेली नसली, तरी त्याच्या चुलत बहिणीने केलेली पुरते. तिशीतल्या माणसाला असं कळलं, तर त्याला डोनरपेक्षा जास्त लागतं ते आईवडिलांचं तीस वर्षांचं खोटं.

केंब्रिज विद्यापीठातल्या सुझन गोलोम्बोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुटुंबांचा मुलं वीस वर्षांची होईपर्यंत मागोवा घेतला. २०२३ मध्ये त्यांनी मांडलं, की या मुलांचं मानसिक स्वास्थ्य इतरांपेक्षा कमी नाही, आणि ज्यांना सात वर्षांच्या आत सांगितलं, त्यांच्या घरातली नाती जास्त चांगली दिसली.

म्हणजे ‘मोठा झाला की सांगू’ हे चुकतं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला गोष्टीसारखं सांगा: ‘बाळ व्हायला आईचं बीज लागतं आणि एका पुरुषाचं बीज. बाबांकडे ते नव्हतं, म्हणून एका माणसाने मदत केली. मग तू आलास.’ तो म्हणेल, ‘मला बिस्किट दे.’ ठीक आहे. पुढच्या वर्षी पुन्हा. सांगण्याचा एकच मोठा प्रसंग नसतो, ते थोडं थोडं होत जातं. शब्द मात्र जपा: तो ‘डोनर’ किंवा ‘मदत करणारा माणूस’. ‘खरा बाप’ हा शब्द घरात येऊ देऊ नका, रागातसुद्धा.

शब्द तोंडात बसत नसतील, तर पोटात असतानाच सराव करा. बाळाला कळत नाही, तुम्हाला सवय होते.

नातेवाइकांना?

मुलाच्या आधी नाही. आणि ज्याच्या पोटात काही राहत नाही, त्याला तर मुळीच नाही. मुलाने ही गोष्ट आत्याकडून ऐकण्याइतकं वाईट काही नाही.

दुसरं मूल त्याच डोनरचं हवं असेल तर?

कायदा आणि बँक राखून ठेवू देत असेल, तर पहिल्या गर्भधारणेनंतर लगेच विचारा, दोन वर्षांनी नाही. डोनर थांबतात, नळ्या संपतात. दुसऱ्या मुलासाठी चार-सहा नळ्या तरी असाव्यात, कारण पहिल्या वेळी किती लागल्या, त्यावरून दुसऱ्या वेळचा अंदाज बांधता येत नाही. साठवणुकीचं नूतनीकरण दरवर्षी असतं, आणि पत्ता बदलला की ते पत्र जुन्या घरी जातं. नळ्या अशाच हातच्या गेलेल्या मी पाहिल्यात. फोन नंबर बदललात, तर आधी आम्हाला कळवा.